देकार्तचा दोर आणि अर्धशिशी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'कियंतःशिरसीय' नावाचा सतरावा अध्याय आहे. डोक्याचे रोग कशाने होतात याची एक लांबलचक यादी त्यात येते. मलमूत्राचे वेग अडवून धरणं, दिवसा झोपणं, रात्री जागणं, मोठ्याने बोलणं, दव, पूर्वेचा वारा, न सोसणारा वास, धूळ, धूर, ऊन, आंबट खाणं, फार गार पाणी. आणि यादी संपत येते तेव्हा, त्याच ओघात, रडणं. त्याला लागूनच बाष्पनिग्रह, म्हणजे डोळ्यांत आलेलं पाणी दाबून धरणं. रडलात तरी डोकं दुखेल आणि रडू गिळलंत तरी दुखेल.

या यादीतली मला सगळ्यात मोलाची वाटते ती तिची बेफिकिरी. अश्रू आणि धूर एकाच पंगतीला बसवताना लिहिणारा जराही अडखळत नाही. इथवर शरीराची कारणं, इथून पुढे मनाची, असं कुंपण त्याने घातलेलं नाही. पुढे सिद्धिस्थानात 'अर्धावभेदक' येतो. मान, भुवई, कानशील, कान, डोळा, कपाळ यांची एकच बाजू धरणारी, शस्त्राने चिरल्यासारखी किंवा अरणी घुसळल्यासारखी कळ. मराठीत आपण तिला अर्धशिशी म्हणतो. ग्रीक वैद्य गॅलनने तिला 'हेमिक्रेनिया' म्हटलं, म्हणजे अर्धी कवटी. तोच शब्द झिजत झिजत फ्रेंचमध्ये 'मायग्रेन' झाला. अर्ध्या डोक्याचा हा हिशोब दोन्हीकडे सारखाच आहे.

आता एकदम अलीकडच्या काळात येऊ. गेल्या पंचवीसेक वर्षांत काही प्रयोगशाळांमध्ये एक विचित्र वाटावा असा प्रयोग पुन्हा पुन्हा झाला आहे. माणसाला पडद्यासमोर बसवतात. पडद्यावर एकामागून एक चित्रं येतात: फणा काढलेला साप, जखमी शरीर, हसरं बाळ, कधी एखादी साधी टोपली किंवा छत्री. मध्येच त्याच्या हातावर किंवा घोट्यावर मोजून मापून कळ दिली जाते आणि किती दुखलं ते विचारतात. कळ तेवढीच, चित्र वेगळं. प्रश्न असा की दुखणं तेवढंच राहतं का? अर्धशिशी असलेल्या लोकांवरही हे प्रयोग झाले. चरकाच्या लेखकाला यात नवल वाटलं नसतं. पण युरोपीय वैद्यकाला या खोलीपर्यंत पोचायला जवळपास साडेतीनशे वर्षं लागली. मधल्या काळात 'वेदनेत मनाचा हात असतो' हे वाक्य अनेकदा उच्चारलं गेलं, आणि दर वेळी ते रुग्णाच्या, बहुतेक वेळा रुग्ण बाईच्या, अंगावर आलं.

या कहाणीची सुरुवातही एका चित्रानेच होते. रने देकार्तच्या मृत्यूनंतर, १६६४ साली, त्याचा माणसाच्या शरीरावरचा ग्रंथ फ्रेंचमध्ये छापून आला. त्यात एक मुलगा विस्तवाजवळ पाय धरून बसलेला दाखवला आहे. पायापासून मेंदूपर्यंत एक बारीक तंतू जातो. देकार्त सांगतो, दोराचं एक टोक ओढलं की दुसऱ्या टोकाची घंटा वाजते, तसं हे आहे. विस्तव दोर ओढतो, मेंदूत घंटा वाजते. जोरात ओढलं तर जोरात वाजेल. भीती, दुःख, समोरचं दृश्य, कशालाही या दोराला मध्येच हात लावायला जागा नाही. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत हा दोर पुढची तीन शतकं या ना त्या रूपात ताणलेला राहिला.

देकार्तवर इथे थोडा अन्याय होतो, हेही सांगायला हवं. १६४१च्या आपल्या चिंतनांत त्यानेच लिहून ठेवलं होतं की वेदना, भूक, तहान हे अनुभव दाखवतात की मी शरीरात जहाजातल्या खलाशासारखा नुसता बसलेलो नाही, त्यात मिसळून गेलो आहे. पण ग्रंथातली वाक्यं विसरली जातात आणि चित्रं लक्षात राहतात.

देकार्तला त्या काळात मिळालेलं एक उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते अर्धशिशीच्या अंथरुणातून आलेलं आहे. अ‍ॅन कॉनवे ही इंग्लंडमधल्या खानदानी घरातली बाई, जन्म १६३१चा. बाराव्या वर्षी मोठा ताप आला आणि त्यानंतर डोकेदुखीने तिची पाठ कधीच सोडली नाही. बाई म्हणून केंब्रिजमध्ये पाऊल टाकणं शक्य नव्हतं, तेव्हा तिथला तत्त्वज्ञ हेन्री मोर तिला पत्रांतून देकार्त शिकवू लागला. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा विल्यम हार्वे तिच्या वैद्यांपैकी एक होता. पारा झाला, पथ्यं झाली, हवापालट झाले. १६५६मध्ये कवटीला भोक पाडून घेण्यासाठी ती पॅरिसला गेली. शल्यवैद्यांचा ऐन वेळी धीर झाला नाही, म्हणून त्यांनी मानेजवळची रक्तवाहिनी उघडली. दहा वर्षांनी, १६६६मध्ये, नुसत्या हस्तस्पर्शाने रोग बरे करणारा म्हणून गाजलेला आयरिश गृहस्थ व्हॅलेंटाइन ग्रेटरॅक्स तिच्या रॅग्ली हॉल या घरी मुक्कामाला आला. आसपासच्या पुष्कळ लोकांना त्याचा गुण आला म्हणतात. अ‍ॅनला आला नाही.

थॉमस विलिस हा मेंदूच्या शरीररचनेचा त्या काळातला सर्वांत मोठा जाणकार. १६७२च्या आपल्या ग्रंथात त्याने वीस वर्षांहून जास्त काळ डोकेदुखी सोसणाऱ्या एका थोर घराण्यातल्या स्त्रीची हकीकत दिली आहे. ती अ‍ॅनचीच, असं मानलं जातं. विलिसच्या मते दोष डोक्यातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांचा होता. हा धागा आपल्याला पुढे पुन्हा भेटेल.

अ‍ॅन १६७९मध्ये गेली. तिची टिपणवही तिच्या मृत्यूनंतर १६९०मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला लॅटिनमधून, नाव न घालता, छापली गेली. त्यात तिने देकार्तला आणि आपल्या गुरूलाही विरोध केला आहे. तिचा एक मुद्दा थोडक्यात असा: आत्मा आणि शरीर जर मुळातच दोन वेगळी द्रव्यं असतील, तर शरीराला इजा झाल्यावर आत्म्याने तळमळावं कशासाठी? परक्याच्या घराला आग लागल्यासारखं तो लांबून का पाहत नाही? (आगीची उपमा माझी, प्रश्न तिचा.) तिचं उत्तर असं की ही दोन द्रव्यं नाहीतच. एकाच वस्तूची ती कमीजास्त दाट आणि विरळ रूपं आहेत. हा युक्तिवाद पटो वा न पटो, पण वेदनेचा असा उपयोग करायला वेदना आतून माहीत असावी लागते. लायब्निझ तिच्या या पुस्तकाचा आदराने उल्लेख करत असे. वैद्यकाने मात्र त्याची दखल घेतली नाही.

एकोणिसाव्या शतकात अर्धशिशीचं पहिलं गाजलेलं चित्र आलं, तेही रुग्णाच्याच हातचं. ह्यूबर्ट एअरी हा डॉक्टर, राजज्योतिषी जॉर्ज एअरीचा मुलगा. बाप आणि मुलगा दोघांनाही डोळ्यांपुढे नागमोडी झगमग दिसण्याचा त्रास. बापाने १८६५मध्ये त्यावर लिहिलं, मुलाने १८७०मध्ये रंगीत आकृत्यांसकट रॉयल सोसायटीपुढे मांडलं. आधी एक छोटा ठिपका, मग त्याभोवती वाढत जाणारी दातेरी चंद्रकोर. तिचे कोन बुरुजांसारखे पुढे आलेले, म्हणून एअरीने तिला तटबंदी असलेल्या शहराची उपमा दिली. गडकोटांच्या मुलखात वाढलेल्या आपल्याला ती उपमा लगेच कळते. पुढे १९४१मध्ये कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या डोळ्यांपुढची हीच चंद्रकोर घड्याळ लावून कागदावर नोंदली. त्यावरून त्याने हिशोब केला की मेंदूच्या दृष्टीच्या भागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकत जात असावं. १९४४मध्ये ब्राझीलच्या लेआंवने सशाच्या मेंदूवर जवळपास याच गतीने पसरणारी एक लाट प्रत्यक्ष नोंदली. आजार खरा आहे, मेंदूत घडतो आणि मोजता येतो, याची ही चांगली सोय झाली होती.

तरीही त्याच वर्षांमध्ये गाडी भलत्याच रुळावर गेली. न्यूयॉर्कचा हॅरॉल्ड वुल्फ हा डोकेदुखीच्या आधुनिक संशोधनाचा जनक मानला जातो, आणि तो मान त्याला मिळायलाच हवा. १९३८मध्ये त्याने आणि जॉन ग्रॅहमने दाखवलं की अर्गोटामिन दिल्यावर कानशिलातल्या रक्तवाहिनीची धडधड उतरते आणि तिच्याबरोबर दुखणंही उतरतं. विलिसचं म्हणणं अडीचशेहून अधिक वर्षांनी असं प्रयोगशाळेत आलं. पण त्याआधी एकच वर्ष, १९३७मध्ये, याच वुल्फने अर्धशिशीच्या लोकांच्या स्वभावावर एक निबंध लिहिला होता. ही माणसं लहानपणी नाजूक, लाजरी, आज्ञाधारक असतात. मोठेपणी महत्त्वाकांक्षी, टापटिपीची, ताठर, सगळं बिनचूक हवं असणारी होतात. बायकांच्या बाबतीत तर वैवाहिक असमाधानाचाही पाढा. वुल्फला स्वतःला अर्धशिशी होती. त्या वर्णनातल्या कामसू, बिनचूक माणसात त्याने आरशात पाहिलं असावं, अशी शंका येते.

'मायग्रेन व्यक्तिमत्त्व' हा शब्दप्रयोग मग दवाखान्यांतून घराघरांत गेला. समाजशास्त्रज्ञ जोॲना केम्पनर यांनी २०१४मध्ये या सगळ्यावर एक पुस्तक लिहिलं. पुरुषाच्या बाबतीत हे वर्णन हुशार, जबाबदारीने वाकलेला कर्ता असं वाचलं गेलं आणि बाईच्या बाबतीत चिडकी, असमाधानी, डोकं दुखण्याचं निमित्त काढणारी असं, हे त्यांनी दाखवून दिलं आहे. अर्धशिशी बायकांमध्ये पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळते. म्हणजे कोणाच्या वाट्याला काय आलं, ते उघड आहे. आपल्याकडे यासाठी वुल्फ वाचावा लागला नाही. 'फार विचार करतेस, म्हणून दुखतं' हे वाक्य कुठल्याही माजघरात ऐकू येत असे, अजूनही येतं. वरवर पाहता ते चरकाच्या यादीसारखंच आहे. फरक एवढाच की चरकाच्या यादीत रडणाऱ्याला कोणी दोष दिलेला नाही.

दोर तुटायला सुरुवात झाली ती युद्धभूमीवर. हेन्री बीचर हा भूलतज्ज्ञ १९४४मध्ये इटलीतल्या आंझिओच्या आघाडीवर अमेरिकन सैन्याबरोबर होता. गंभीर जखमी झालेल्या दोनशेहून अधिक सैनिकांना त्याने विचारलं, दुखतंय का, औषध हवं का? चारांतल्या तिघांनी नको म्हटलं. ते बधिर झालेले नव्हते. शिरेत सुई नीट टोचली नाही की तेच सैनिक कुरकुर करत. पुढे १९५६मध्ये बीचरने शस्त्रक्रिया झालेल्या नागरी रुग्णांशी तुलना केली. त्यांच्या जखमा मोजून मापून केलेल्या, स्वच्छ. तरी ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी वेदनाशामक मागितलं. बीचरचा निष्कर्ष असा की सैनिकाला जखम म्हणजे घरी जायचं तिकीट होतं आणि नागरिकाला तीच संकट होती. जखमेचा आकार आणि कळेचा आकार यांचा मेळ बसत नव्हता.

१९६५मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी यावर एक रचना सुचवली. पायाकडून येणारा निरोप मज्जारज्जूत शिरतो तिथे एक फाटक आहे. ते उघडं किती राहील हे खालून येणाऱ्या निरोपांवर तर ठरतंच, पण वरून, मेंदूकडून, उतरणाऱ्या आज्ञांवरही ठरतं. त्यांच्या मांडणीचे तपशील पुढे बदलावे लागले. पण वरून खाली येणारा रस्ता खरा निघाला. १९६९मध्ये रेनॉल्ड्स नावाच्या संशोधकाने उंदराच्या मेंदूच्या मध्यभागातल्या एका करड्या पट्ट्याला विजेचा सौम्य प्रवाह दिला आणि भूल न देता त्याच्या पोटावर शस्त्रक्रिया केली. १९७९मध्ये वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनेची व्याख्या ठरवली, त्यात तिला संवेदनेचा आणि भावनेचा, दोन्ही मिळून एक नकोसा अनुभव म्हटलं. अ‍ॅनला हे वाक्य नवं वाटलं नसतं.

आता चित्रांच्या खोलीत शिरता येईल. भावना मोजायच्या तर आधी त्या ठरलेल्या मापाने जाग्या करायला हव्यात. फ्लोरिडा विद्यापीठात पीटर लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी शेकडो छायाचित्रांचा एक संच जमवला. प्रत्येक चित्र पुष्कळ लोकांना दाखवून १ ते ९ गुणांत मोजून घेतलं: किती सुखद, किती खळबळ उडवणारं. मोजण्यासाठी शब्दांऐवजी एक छोटी बाहुली वापरली. तिचा चेहरा हसऱ्यापासून रडक्यापर्यंत बदलत जातो, त्यामुळे भाषेची अडचण येत नाही. संशोधकांना एक अट घातलेली असते, की ही चित्रं कुठेही छापायची नाहीत. एकदा पाहिलेला साप दुसऱ्यांदा तेवढा घाबरवत नाही, म्हणून.

२००१मध्ये टेक्ससमधल्या मेरी मीगर आणि सहकाऱ्यांनी लोकांना भीतीची आणि किळसेची चित्रं दाखवून मग हात बर्फगार पाण्यात धरायला लावले. एरवीपेक्षा लवकर दुखू लागलं. कामुक चित्रांनी पुरुषांमध्ये ते लांबलं. स्त्रियांमध्ये तसा फरक दिसला नाही. यावर कोणी म्हणेल, लोक सांगतात त्यावर काय विश्वास ठेवायचा? हा आक्षेप रास्त होता, आणि त्याचं उत्तर मला या सगळ्या इतिहासातला कळीचा क्षण वाटतो. जेमी रूडी यांनी घोट्याजवळच्या मज्जातंतूला विजेचा झटका देऊन मांडीच्या मागच्या स्नायूचा आकस मोजला. विस्तवावरून पाय झटकन उचलला जातो, तोच हा प्रतिक्षेप. तो मज्जारज्जूतूनच वळून येतो, सेकंदाच्या एक-दशांशाच्या आसपास. त्यात खोटं बोलायला, नाटक करायला, 'फार विचार' करायला वेळच नसतो. नकोशी चित्रं समोर असताना हा आकस वाढला, सुखद चित्रं असताना घटला. म्हणजे देकार्तच्या चित्रातल्या त्या मुलाचा पाय विस्तवापासून किती जोरात मागे येईल, हे तो त्या क्षणी कशाकडे पाहतो आहे यावरही अवलंबून असतं. मॉन्ट्रियलच्या एका गटाने २००९मध्ये मेंदूची छायाचित्रणं आणि हा प्रतिक्षेप एकत्र मोजून हेच आणखी खोलात दाखवलं.

भीती म्हणजे सरसकट जास्त वेदना, असं मात्र नाही. रूडी आणि मीगर यांनीच २०००मध्ये दाखवलं होतं की खरोखर बसलेल्या धक्क्याची भीती वेदना कमी करते, आणि धक्का बसेल की काय ही टांगती काळजी ती वाढवते. आंझिओचे सैनिक आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री जागणारा रुग्ण, दोघांनाही या मापात जागा मिळते. चित्रातला साप चावत नाही. तो काळजीच्या जातीचा आहे.

मग अर्धशिशीचं काय? इटलीतल्या बारी इथे मरीना दे तोमासो यांच्या गटाने २००८मध्ये निरोगी लोकांना त्यांनीच निवडलेली सुंदर आणि कुरूप चित्रकृती दाखवत हातावर लेझरची कळ दिली. सुंदर चित्र पाहताना ती कमी दुखली. पुढच्याच वर्षी त्यांनी भावना जागवणारी चित्रं अर्धशिशीच्या रुग्णांना दाखवून तसाच अभ्यास केला. असे अभ्यास छोट्या गटांवरचे असतात. पण अर्धशिशीपाशी चित्राच्या प्रयोगाला एक वेगळीच अडचण येते, आणि ती बाकी कुठल्याच दुखण्यात नाही. इथे डोळाच रोगाच्या आत आहे.

आपला मेंदू तेच ते दृश्य पुन्हा पुन्हा आलं की त्याला सरावतो, प्रतिसाद हळूहळू कमी करतो. बेल्जियममधल्या लिएज इथे झां शोनेन यांच्या गटाने १९९०च्या दशकात दाखवलं की अर्धशिशी असलेल्यांचा मेंदू, दुखत नसलेल्या दिवशीही, असा सरावत नाही. ब्रिटनमध्ये अर्नॉल्ड विल्किन्स यांनी त्याआधीच नोंदवलं होतं की काळ्या-पांढऱ्या ठळक पट्ट्यांचं साधं चित्रही अशा लोकांना असह्य होऊ शकतं. त्या पट्ट्यांत ना साप, ना रक्त. २०१०मध्ये बोस्टनच्या रामी बर्स्टीन आणि सहकाऱ्यांनी अर्धशिशी असलेल्या अंध व्यक्तींचा अभ्यास केला. ज्यांना उजेडाची मुळीच जाणीव नव्हती त्यांचं दुखणं प्रकाशाने वाढत नव्हतं. पण ज्यांना चित्र दिसत नव्हतं तरी उजेड-अंधार कळत होता, त्यांचं वाढत होतं. डोळ्यातून निघालेला एक रस्ता चित्र बनण्याची वाट न पाहता थेट वेदनेच्या मज्जापेशींना जाऊन मिळतो, असं त्यांना प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसलं. तेव्हा पडद्यावरचं बाळ हसरं आहे म्हणून बरं वाटलं की पडदा झगझगीत आहे म्हणून वाईट, हा हिशोब अशा माणसाच्या बाबतीत वेगळा काढावा लागतो.

दरम्यान रक्तातही पुरावा सापडला होता. १९९०मध्ये पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी हल्ला चालू असताना मानेतल्या शिरेचं रक्त तपासलं, त्यात सीजीआरपी हे एक प्रथिनसदृश द्रव्य वाढलेलं आढळलं. त्याची वाट अडवणारं पहिलं इंजेक्शन २०१८मध्ये बाजारात आलं. या औषधाला टापटीप स्वभाव लागत नाही आणि वैवाहिक समाधानही लागत नाही.

म्हणूनच 'छान छान चित्रं बघा, दुखणं पळेल' असा या संशोधनाचा अर्थ कोणी काढू लागलं की मी सावध होतो. चित्राने होणारा फरक खरा आहे, पण तो मर्यादित आहे, आणि 'सकारात्मक राहा' हा सल्ला 'फार विचार करतेस'चाच नव्या कपड्यांतला भाऊ आहे. रूडींच्या प्रयोगातला घोटा कोणाच्या स्वभावाबद्दल काही बोलत नाही. तो एवढंच सांगतो की भावना मज्जारज्जूपर्यंत उतरते, धूर नाकात जावा तशी.

आणि एक साधी गोष्ट. यातले बहुतेक प्रयोग दोन हल्ल्यांच्या मधल्या, बऱ्या दिवशी होतात. ज्या दिवशी अर्धं डोकं खरंच उठलेलं असतं, त्या दिवशी खिडक्या लावलेल्या असतात, ओलं फडकं डोळ्यांवर असतं, आणि समोर कुठलंच चित्र धरून चालत नाही.